खराटा मेट्रोत नेता येतो का?

नोव्हेंबर संपत आला की दिल्लीत दोनच विषय असतात, हवा आणि लग्नं. आमच्या घरात यंदा तिसरा आहे, खराटा. साधा अंगण झाडायचा खराटा, लांब काठीचा. तो मेट्रोत नेऊ देतात का, हे विचारायला मी गेल्या आठवड्यात बोटॅनिकल गार्डन स्टेशनवर थांबले. तपासणीला उभ्या असलेल्या जवानाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "किस पार्टी की हो?"

दिल्लीत झाडू हातात घेतला की आधी पक्ष विचारतात. मी म्हटलं, "कार्टून पार्टी की." तो हसला. म्हणाला, "इतना लंबा डंडा मत लाना. छोटा करके, पैक करके लाना."

तर, मी माझ्या मामेबहिणीला घेऊन कॉमिक कॉनला चालले आहे. ती तेरा वर्षांची आहे, आठवीत. जूनमध्ये मामाची बदली झाली आणि ते तिघं सांगलीहून गाझियाबादला, वैशालीत राहायला आले. सांगलीत ही पोर गल्ली डोक्यावर घ्यायची. इथे पहिल्याच दिवशी वर्गात "मेरेको" म्हणाली आणि सगळा वर्ग हसला. तेव्हापासून शाळेत कामापुरतं बोलते. घरी आली की वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढत बसते. दिवाळीच्या सुमाराला मामीचा फोन आला, "अगं, पोर मुकी झाली बघ. तो मोबाइल आणि ती चित्रं, बास."

मी त्या वह्या पाहिल्या. सगळ्या पानांवर एकच मुलगी होती. डोक्यावर मोठी लाल बो, हातात झाडू, शेजारी काळं मांजर. ही किकी. हायाओ मियाझाकी यांच्या 1989 सालच्या 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस' या जपानी चित्रपटातली. तेरा वर्षांची झाली म्हणून घर सोडून एकटी परक्या शहरात जाणारी छोटी चेटकीण. मामीला मी एवढंच सांगितलं, "चित्रं बंद करू नकोस गं. डिसेंबरमध्ये एक दिवस तिला माझ्याकडे दे."

तुम्ही कधी कॉमिक कॉनला गेला नसाल तर थोडक्यात सांगते. भारतातला पहिला कॉमिक कॉन आपल्या दिल्लीतच भरला, फेब्रुवारी 2011 मध्ये, आयएनएच्या दिल्ली हाटमध्ये. गेली काही वर्षं तो डिसेंबरमध्ये ओखल्याच्या एनएसआयसी मैदानावर शुक्रवार ते रविवार असा तीन दिवस असतो. कॉमिक्सचे स्टॉल, चित्रकारांची टेबलं, गेमिंग, मंचावरचे कार्यक्रम आणि आवडत्या पात्राचा वेश करून आलेली माणसं. या वेश करण्याला कॉस्प्ले म्हणतात. शब्द जपानमधून आला, पण 1939 साली न्यू यॉर्कला भरलेल्या विज्ञानकथाप्रेमींच्या संमेलनात मर्टल डग्लस नावाच्या बाईंनी स्वतःसाठी आणि सोबत्यासाठी भविष्यातल्या माणसांचे कपडे शिवले होते, तिथून याची सुरुवात मानतात. आणि दारात पोलीस बनून येणारा, घरच्यांना दमात घेणारा बहुरूपी ज्यांनी लहानपणी पाहिलाय, त्यांना यात काही फार नवं वाटणार नाही.

कपडे आधी कपाटात शोधा

गेल्या वर्षी मी शिकारी शंभू होऊन गेले होते. 'टिंकल'मधला, 1983 पासूनचा, वसंत हळबे यांनी चितारलेला. भावाची खाकी पँट, बाबांचा शर्ट, चिकटवलेली मिशी आणि डोळे झाकणारी टोपी. खर्च जवळजवळ शून्य. फक्त टोपी खरोखरच डोळ्यांवर येते हे मी घरी पाच मिनिटं आरशासमोर उभी राहून तपासलं होतं, चालून नव्हे. दिवसभर लोकांवर आदळत होते. दुपारी बुटांचा तळवा निघाला तो वेगळाच. तेव्हा पहिली गोष्ट, जे घालणार ते घालून निदान दोन तास घरात वावरा. जिना चढा, जेवा, बाथरूमला जाऊन या. विशेषतः बाथरूम. चिलखतं घालून आलेल्या पोरांचे तिथले हाल मी पाहिलेत.

किकीसाठी आम्ही ऑनलाइन तयार ड्रेस पाहिले, ते दोन-तीन हजारांच्या घरात होते. मग नेहरू प्लेसला गेलो. कॉम्प्युटरसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या मार्केटमध्ये कापडाची मोठी दुकानं आहेत, हे दिल्लीत वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनाही माहीत नसतं. तीन मीटर गडद जांभळं कॉटन 480 रुपये, शिलाई 450, लाल रिबीन 60 आणि खराटा 70. मांजर काळ्या मोज्यात कापूस भरून केलं. त्याचे डोळे तिने स्वतः शिवले. एक जरा तिरका झालाय, पण तिला तो तसाच हवाय.

तुमच्या पात्राला मुकुट, गदा, जरीचे काठ लागणार असतील तर चांदणी चौकातला किनारी बाजार गाठा. रामलीलेची मंडळी तिथूनच सामान नेतात. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. चिलखतासाठी जुनी योगा मॅट कापून रंगवली तरी चालते. धातूचं, धारदार किंवा खऱ्यासारखं दिसणारं शस्त्र मात्र करूच नका. मैदानाच्या दारात अडवतीलच, त्याआधी मेट्रोत अडवतील.

आणि हवा. मैदान उघडं आहे, धूळ असते. सकाळी कडाक्याची थंडी आणि दुपारी ऊन, त्यामुळे पोशाखाच्या आत थर्मल घालता येईल इतका सैलपणा शिंप्याकडून मागून घ्या. निघण्याआधी एक्यूआय पाहा. मुलाला दम्याचा त्रास असेल तर इनहेलर तुमच्या बॅगेत नाही, त्याच्या खिशात हवा. आकडा फारच वाईट असेल तर तिकीट बुडालं तरी चालेल. मी हे मामीला कबूल केलंय आणि बहिणीलाही आधीच सांगून ठेवलंय, म्हणजे त्या सकाळी रडारड नको.

नोएडाकडून येणाऱ्यांना बोटॅनिकल गार्डनहून मॅजेंटा लाइन थेट ओखला एनएसआयसी स्टेशनला नेते. गुरुग्रामवाल्यांनी हौज खासला गाडी बदलावी. गाडी घेऊन जायच्या भानगडीत पडू नका.

'नको' म्हणायची तालीम

याबद्दल मला सविस्तर बोलायचंय. गेल्या वर्षी मिशी लावलेल्या शंभूच्या वेशातही मला एका मुलाने न विचारता खांद्यावर हात टाकून सेल्फी काढला. मी गप्प राहिले. आपण वेश करून आलोय म्हणजे लोक बघणार, फोटो काढणार, असं स्वतःला समजावलं. घरी येईपर्यंत तो खांदा मला झटकावासा वाटत होता. न्यू यॉर्क कॉमिक कॉनने 2014 साली आवारात मोठ्या पाट्याच लावल्या होत्या. अर्थ असा, की पोशाख म्हणजे परवानगी नव्हे. पाटी लावायची वेळ आली यातच सगळं आलं.

म्हणून आम्ही तालीम केली. मी अनोळखी मुलगा, ती किकी. मी फोन पुढे करते, तिने म्हणायचं, "पहले पूछिए." पहिल्या वेळी आवाजच निघाला नाही. दुसऱ्या वेळी तिने माझ्याऐवजी फरशीला सांगितलं. सहाव्या-सातव्या वेळी ती इतक्या जोरात ओरडली की मामी स्वयंपाकघरातून पळत आली. तुमच्या घरात मुलगा जाणार असेल तर त्याच्याकडून उलटी तालीम करून घ्या. फोटो हवा असेल तर आधी विचारायचं, हात स्वतःच्या अंगाजवळ ठेवायचे, नाही म्हटलं की थँक्यू म्हणून पुढे जायचं. हे मुलांना कुणी शिकवतच नाही आणि मग मुलींना ओरडायला शिकवावं लागतं.

खर्चाचा प्रश्न मामाने सोडवला. आधी तो म्हणाला होता, "कार्टून बघायला तिकीट कशाला?" मग एका रात्री त्याने ट्रंकेतून इंद्रजाल कॉमिक्सचे सहा अंक काढले. 1964 ते 1990 या काळात निघालेल्या या मालिकेतला वेताळ त्याच्या पिढीचा देव. कवटीची अंगठी मिळावी म्हणून शाळेत असताना त्याने काय काय केलं ते ऐकून मामीसुद्धा हसली. त्याने पोरीला आठशे रुपये दिले, हवं ते घे म्हणाला. हा आकडा आधी ठरवून ठेवाच. तिथली टी-शर्ट आणि पुतळे बघून माझ्यासारख्या कमावत्या बाईचंही भान सुटतं.

माझा सल्ला, त्या पैशांतले निम्मे तरी चित्रकारांच्या टेबलावर खर्च करा. आपली माणसं या क्षेत्रात नवखी नाहीत. राज कॉमिक्सचा नागराज 1986 मध्ये आला तेव्हा त्याला पहिलं रूप दिलं ते प्रताप मुळीक यांनी. 'टिंकल'च्या सुप्पंडीला राम वाईरकरांनी आकार दिला. आजच्या पिढीत मुंबईचे अभिजीत किणी आहेत, 'अँग्री मावशी'वाले. टेबलाशी गर्दी नसेल तेव्हा थांबा, पोस्टकार्ड का होईना विकत घ्या आणि मुलांना बोलू द्या. "माझ्या मुलाचं एक चित्र काढून द्या ना," असं फुकटात सांगू नका. तेच त्यांचं पोट आहे.

बहिणीला मी म्हटलं, तुझी वहीपण घे, कुणाला तरी दाखवू. ती म्हणाली, "नको ताई." मी पुन्हा विषय काढला नाही. वहीला जागा राहील एवढी बॅग तेवढी निवडली आहे.

शुक्रवारी गर्दी कमी असते, पण शाळा आहे, म्हणून शनिवारची तिकिटं काढलीत. परवा रविवारी रंगीत तालीम झाली. पूर्ण पोशाखात ती सोसायटीच्या गेटपर्यंत गेली, मी दहा पावलं मागे. झोपाळ्यावरच्या एका चिमुरडीने तिला थांबवलं, "दीदी, आपका झाड़ू उड़ता है?"

ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "मेरेको अभी सीखना है."

चिमुरडीने मान डोलावली आणि मांजराच्या तिरक्या डोळ्याला बोट लावून पाहिलं. आधी विचारून.

काठी कापायची राहिली आहे. मामा म्हणतो, शुक्रवारी रात्री करवत आणतो.