उतारवयातील पहिले भाड्याचे घर

मुलांजवळ राहता यावे म्हणून उतारवयात प्रथमच भाड्याची सदनिका शोधणारी दांपत्ये आता पुष्कळ दिसतात. भाडे व अनामत रक्कम ठरवण्याआधी पलंगाच्या जागेपासून शौचालयापर्यंत स्वतः चालून पाहावे. वाटेतील उंबरठा, गुळगुळीत फरशी आणि अंधार रात्री घात करतात. न्हाणीघराचे दार बाहेर उघडणारे असावे. आत कोणी पडल्यास ते अडत नाही. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावते का, हेही पाहावे. भिंतीला आधाराच्या दांड्या बसवण्यास घरमालकाची संमती करारातच लिहून घ्यावी. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार कराराची नोंदणी बंधनकारक आहे. ११ महिन्यांचा करार पुन्हा करता येतो. खुब्याचे हाड मोडल्यावर पूर्वीचे चालणे मात्र अनेकांना परत मिळत नाही.