फटका कोण होणार?

परवा रविवारी आमच्या गल्लीत पोरं पिक्चर-पिक्चर खेळत होती. मी रात्रपाळी संपवून गोदीतून आलेलो, ओट्यावर चहा पीत बसलेलो. आदल्या रात्री बहिणीच्या मोबाईलवर सगळ्यांनी दाटीवाटीनं 'चिल्लर पार्टी' बघितलेला. आता कामं वाटायचं चाललेलं. सोसायटीतली पोरं व्हायला मारामारी. कुत्रा व्हायला तिघं तयार. पण फटका, म्हंजे गाड्या धुणारा पोरगा, व्हायला एकपण तयार नाही. माझ्या भाच्याला म्हणाले, तू हो. तो रडायलाच लागला. "माझा दादा खराच धुतो. मी खेळात पण कशाला धुऊ?"

खेळ मोडला. माझा चहा गार झाला.

हा पिक्चर २०११ सालचा. बालचित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. वाईट पिक्चर नाही, पोरं हसतात, मीपण हसलो. सोसायटीतली पोरं चड्डीवर मोर्चा काढतात, मंत्र्याला भिडतात. मोर्चा बघून माझं रक्त सळसळतं, सवयच आहे. पण मोर्चा निघतो तो कुत्र्यासाठी. ज्याचा कुत्रा आहे त्या पोराच्या हातातलं फडकं काढून पाटी द्या, म्हणून निघत नाही. आपली पोरं बारीक नजरेची. त्यांनी हिशेब बरोबर केला. या कथेत फटक्यापेक्षा कुत्रा होण्यात जास्त मान आहे, हे समीक्षकांच्या आधी त्यांना कळलं.

'सहकुटुंब सहपरिवार बघावा असा चित्रपट' अशी जाहिरात असते. मी विचारतो, कुणाचं कुटुंब? १९९४ चा 'हम आपके हैं कौन' घ्या. सगळा देश बायकापोरं घेऊन बघायला गेला. त्यात घरातल्या सगळ्यांचा लाडका नोकर आहे, लक्ष्या बेर्डेनं केलेला. त्याला घरातलाच मानतात. मानतात, पण ताटं त्यानंच उचलायची. आमची आई वीस वर्षं टॉवरमध्ये धुणीभांडी करते. तिलापण 'मावशी, तुम्ही घरच्याच' म्हणतात. कप मात्र वेगळा, खिडकीत उपडा घातलेला.

शाळेत असताना आम्हाला 'श्यामची आई' दाखवला. अत्र्यांचा, १९५३ चा, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा पहिला. वर्गातली पोरं रडली, मीपण रडलो. खोटं का बोलू? त्या आईच्या गरिबीत मला माझी आई दिसली. मग सानेगुरुजींचं १९३५ सालचं पुस्तक वाचलं. त्यात मोळीवाल्या म्हारणीचा प्रसंग आहे. म्हातारीची मोळी पडते, शिवायला कुणी धजत नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी डोक्यावर दे, आणि मग आंघोळ कर. तिथं मी थांबलो. तोवर मी श्याम होतो. त्या ओळीवर मी मोळीवालीचा नातू झालो.

गुरुजींवर माझा राग नाही. १९४७ साली पंढरपूरचं देऊळ आपल्याला उघडावं म्हणून हा माणूस उपोषणाला बसला, हे मी विसरत नाही. त्या काळात त्या आईनं एवढं सांगितलं, हेही मोठंच. पण २०२३ साली 'श्यामची आई' पुन्हा काढला. पुन्हा श्यामचीच आई! मोळीवालीला घर नव्हतं? तिला पोर नव्हतं? ते पोर संध्याकाळी काय खाऊन झोपलं, याचा बालचित्रपट सत्तर वर्षांत कुणाला का सुचला नाही?

सुचला तो जेऊरच्या नागराज मंजुळेला. २००९ चा छोटा 'पिस्तुल्या', शाळेसाठी तडफडणाऱ्या पोराचा. आणि २०१४ साली थेटरात लागलेला 'फँड्री'. मी तेव्हा आठवीत. डुकरामागं धावणारं आख्खं कुटुंब राष्ट्रगीत लागताच जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर निघून जातं. थेटरात काहीजण हसले. माझ्या बापानं माझा हात घट्ट धरला. आईबाप, बहिणी, पोरगा, सगळे एका कामाला जुंपलेले. याहून कौटुंबिक पिक्चर कोणता असतो? पण त्याला कुणी कौटुंबिक म्हणत नाही. त्याला 'वास्तववादी' म्हणतात. म्हंजे तुमचं घर ते कुटुंब, आमचं घर ते वास्तव!

आता थोडं आपल्याच घरात. गेल्या जयंतीला मी मंडळात म्हणालो, वस्तीत पडदा लावू, 'फँड्री' दाखवू. आपलेच कार्यकर्ते म्हणाले, "नको रे, बायकापोरं असतात, काहीतरी फॅमिली लाव." मीपण गप्प बसलो. कविता लिहितो, गोदीत मुकादमाशी भांडतो, आणि तिथं गप्प बसलो. मित्रांनो, भाचा रडला त्यात माझी ती चूपपण आहे.

या १४ एप्रिलला डीजेच्या वर्गणीतून मी माझे पैसे काढून घेतोय. चादर माझ्या घरची, प्रोजेक्टर भाड्याचा. जब्या शेवटी दगड भिरकावतो तो सरळ बघणाऱ्याच्या अंगावर येतो. येऊ दे. पोरांना पुढं बसवणार, मोठ्यांना मागं. दुसऱ्या दिवशी पोरं काय खेळतात ते ओट्यावर बसून बघणार. आणि ज्याला फटका व्हायचं नाही, त्याच्या हातात मोबाईलचा कॅमेरा देणार. तूच सांग म्हणावं, गोष्ट कुठून सुरू करायची ते.

जय भीम.