ओळखीच्या वाटेने इंग्रजी

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्यांपैकी विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे दोन किल्ले आपल्या जिल्ह्यातले आहेत. १९८१ मध्ये हा जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला, १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वेचे काम पूर्ण झाले आणि २०२१ मध्ये चिपीच्या विमानतळावर विमाने उतरू लागली. जगाने येथे यावे यासाठी एकामागून एक वाटा अशा मोकळ्या झाल्या. येथील मुलाने जगाकडे जावे यासाठी कोणती वाट मोकळी झाली, हा प्रश्न मात्र कोणी फारशा आग्रहाने विचारीत नाही. त्या वाटेवरचा एक मोठा अडसर इंग्रजीचा आहे, आणि आज त्याविषयीच लिहावयाचे आहे.

गेल्या हंगामात प्रस्तुत लेखक तारकर्लीच्या बाजूला एका मच्छीमार कुटुंबाकडे दोन दिवस राहिला होता. घरात पर्यटकांसाठी दोन खोल्या काढलेल्या होत्या. जेवणाची सर्व व्यवस्था घरातील बायकाच पाहत. नववीत शिकणारी मुलगी ओसरीवर बसून इंग्रजी निबंध पाठ करीत होती. निबंधाचा विषय होता थंड हवेच्या ठिकाणाची सहल. मुलीने असे ठिकाण जन्मात पाहिलेले नव्हते. धुके, देवदार, घोड्यावरची रपेट, सारे शब्द ती एका दमात म्हणून दाखवी. त्याच वेळी बाहेरच्या खोलीतील परप्रांतीय पाहुण्याने ताटातल्या आमटीत पोहणाऱ्या हिरव्या दाण्याकडे बोट दाखवून इंग्रजीत विचारले, हे काय आहे? मुलगी गप्प राहिली. तिरफळाविषयी तिला सांगण्यासारखे पुष्कळ होते. ते झाडावरून कोण काढते, वाळवतात कसे, बांगड्याच्या तिखल्यात का घालतात, हे सर्व तिला ठाऊक होते. परंतु जे ठाऊक होते त्याची इंग्रजी तिला कोणी दिली नव्हती, आणि जी इंग्रजी दिली होती तिच्यामागे ठाऊक असलेले काहीच नव्हते.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते. म्हणजे दहावीला पोहोचेपर्यंत मुलाच्या वाट्याला दहा वर्षे इंग्रजी येते. दहा वर्षांच्या या गुंतवणुकीतून पदरात काय पडते, असा हिशेब अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मांडला तर तो अस्वस्थ करणारा ठरेल. हिशेब जमत नाही हे पालकांनाही कळते. म्हणून ते पोटाला चिमटा घेऊन मुलाला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालतात, आणि गावची मराठी शाळा पटसंख्येअभावी ओस पडते. पालकांना दोष देणे सोपे आहे. पण ज्याच्या घरी होडीचे कर्ज फिटावयाचे आहे तो मनुष्य हौसेने फी भरीत नाही. मराठी शाळेत इंग्रजी येत नाही हा त्याचा अनुभव आहे, आणि अनुभवाला केवळ भाषाभिमानाने उत्तर देता येत नाही.

या प्रश्नाचा मूलगामी विचार शंभर वर्षांपूर्वी आपल्याच देशात झाला होता, हे आपण विसरलो आहोत. ढाक्याच्या अध्यापक प्रशिक्षण महाविद्यालयात मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज प्राचार्य होते. बंगालमधील शाळा पाहून त्यांनी १९२६ साली द्विभाषिकतेवर एक ग्रंथ लिहिला. त्यांचे निरीक्षण असे की, शाळेत आलेल्या मुलांपैकी बहुतेक मुले अभ्यासक्रम पुरा होण्यापूर्वीच शाळा सोडतात. मग जो अभ्यासक्रम शेवटच्या वर्षी फळ देतो तो या मुलांच्या काय कामाचा? त्यांनी विम्याच्या व्यवहारातील एक शब्द उचलला, 'सरेंडर व्हॅल्यू'. विमा मध्येच बंद केला तरी विमेदाराच्या हाती जी रक्कम परत येते ती. शिक्षण कोणत्याही पायरीवर सुटले तरी मुलाच्या हाती काही उरले पाहिजे, आणि परकी भाषा शिकताना असे लवकर हाती येणारे व टिकणारे धन म्हणजे वाचनाची शक्ती, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणून त्यांनी मोजक्या शब्दांत लिहिलेली, मुलांना स्वतःहून वाचावीशी वाटतील अशी पुस्तके तयार केली. सातवीत शाळा सोडून रापणीवर जाणाऱ्या किंवा बारावीनंतर गोव्याच्या हॉटेलात नोकरी धरणाऱ्या आपल्या मुलांना ही कसोटी लावून पाहावी. पाठ केलेल्या निबंधाची 'सरेंडर व्हॅल्यू' शून्य आहे.

मग मुलाने वाचावे काय? आमचे उत्तर असे की, प्रथम त्याने आपल्या ताटाविषयी, आपल्या समुद्राविषयी आणि आपल्या गावच्या वाटांविषयी वाचावे. यात लाडीगोडी नाही, शिक्षणशास्त्र आहे. अपरिचित भाषेत अपरिचित विषय वाचताना मुलावर दुहेरी ओझे पडते. विषय परिचित असेल तर अडलेला शब्द अर्थाच्या ओघात आपोआप उकलतो. रापण ओढताना पाहिलेल्या मुलाला जाळे, भरती, ओहोटी यांचे इंग्रजी शब्द घोकावे लागत नाहीत. त्याच्या डोळ्यांपुढे वस्तू आधीच उभी असते.

शिवाय हे शब्द वाटतात तितके परके नाहीत. काजूचेच पाहा. ब्राझीलच्या मूळ रहिवाशांचा शब्द पोर्तुगीजांनी उचलला आणि तो झाडाबरोबर आपल्या किनाऱ्यावर आणला. आपण त्याचा काजू केला, इंग्रजांनी कॅश्यू केला. बटाटा आणि पोटॅटो हे असेच दूरचे भाऊबंद आहेत. मँगो आणि जॅकफ्रूट या शब्दांची मुळे मलबारात आहेत, कॉयर म्हणजे काथ्या हा शब्दही तिकडचाच. मुंगसाला इंग्रजीत माँगूस म्हणतात, तो शब्द तर थेट मराठीतून गेला. कोकमाला इंग्रजीने वेगळे नाव शोधलेच नाही, ते कोकमच राहिले. वेंगुर्ल्यास सतराव्या शतकात डचांची वखार होती, आणि १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याचे नाव काही काळ फोर्ट ऑगस्टस असे ठेवले होते. व्यापार, लढाई आणि स्वयंपाक या तिन्ही मार्गांनी या किनाऱ्यावर शब्दांची ये-जा झालेली आहे. हे ज्या मुलाला समजले, त्याची इंग्रजीविषयीची भीती अर्धी ओसरते. ही भाषा कोठल्या तरी उंचावरून आपल्यावर पडलेली नसून आपणही तिच्यात चार दाणे टाकले आहेत, ही जाणीव त्याला ताठ उभे करते.

ओळखीच्या विषयाचा आणखी एक लाभ आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड रत्नागिरी व सावंतवाडी यांविषयी आहे. तो १८८० साली निघाला. शेती, मासेमारी, बंदरे, व्यापार, देवळे यांची त्यात भरपूर माहिती आहे. पण तो राज्यकर्त्यांनी राज्यकारभारासाठी लिहिलेला ग्रंथ आहे. त्यातील एखादे पान मच्छीमाराच्या मुलाने वाचले तर तो केवळ समजून घेणार नाही, तपासून पाहील. तारकर्लीच्या त्या मुलीला आम्ही सोबतच्या एका प्रवासी पुस्तिकेतील काजूविषयीचा इंग्रजी मजकूर वाचावयास दिला. काजूची बी फळाच्या पोटात असते, असे त्यात छापले होते. मुलगी प्रथम हसली, मग तिने पेन्सिल घेतली आणि समासात आयुष्यातले पहिले स्वतःचे इंग्रजी वाक्य लिहिले : 'नो, द नट इज आउटसाइड.' पाठ्यपुस्तकाने इतक्या वर्षांत जे साधले नाही ते त्या चुकीने एका क्षणात साधले. छापलेल्या इंग्रजीला 'नाही' म्हणता येते, हा शोध तिला लागला.

अशा वाचनाचा परिणाम होतो याला बाहेरच्या जगातही आधार आहे. फिजी बेटांतील ग्रामीण शाळांमध्ये मुलांना आवडतील अशी शेकडो इंग्रजी गोष्टींची पुस्तके वर्गात ठेवून एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या पद्धतीने व्याकरण व वाक्ये घोकणाऱ्या मुलांपेक्षा या मुलांची वाचनातील प्रगती सुमारे दुप्पट वेगाने झाली. आपल्याकडे एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत जो प्रयोग केला, त्यात नकाशे आणि रेल्वेची वेळापत्रके हेच पाठ होते. कोकण रेल्वेचे वेळापत्रक प्रत्येक स्थानकावर टांगलेले असते. कुडाळहून मडगावला जाऊन त्याच दिवशी परत कसे यावे, हा इंग्रजीचा उत्तम धडा होऊ शकतो, आणि त्याला छपाईचा खर्चही नाही.

आता एका रास्त आक्षेपाकडे वळू. खाणेपिणे आणि प्रवास यांतून इंग्रजी शिकवा असे म्हणणे म्हणजे येथील मुलांना पर्यटकांचे चाकर बनविण्याची तयारी करणे नव्हे काय, असे काही साथी विचारतील. धोका खरा आहे. वाकून स्वागत करण्यापुरती चाळीस वाक्ये शिकविणारे वर्ग निघतात, आणि त्यांतून नम्र सेवक तयार होतात. पण आम्ही जे मागत आहोत ते बोलण्याचे पोपटी वळण नव्हे, ते वाचन आहे. ज्याला तिरफळाविषयीचे पान वाचता येऊ लागले तो पुढे खोल्या भरून देणाऱ्या मध्यस्थाचा करार वाचील, कमिशनचे कलम शोधील, विम्याच्या कागदावरील बारीक अक्षरे वाचील. ट्रॉलर, पर्ससीन, एलईडी हे शब्द येथील रापणकरांना कोणत्याही शाळेने शिकविले नाहीत. ते पोटावर आले तेव्हा शिकावे लागले. दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामबंदीचा पट्टा २०१९ च्या अधिसूचनेने दोनशे मीटरवरून पन्नास मीटरवर आणला. ज्यांच्या दारातील ही वाळू, त्यांच्यापैकी किती जणांनी ती अधिसूचना मुळातून वाचली असेल?

येथे आपली जुनी भूमिका स्पष्ट ठेवली पाहिजे. लोकांच्या जगण्याविषयीचे कागद लोकांच्या भाषेत मिळणे हा हक्क आहे. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या मसुद्याची भाषांतरे आठव्या परिशिष्टातील सर्व भाषांत करावीत, असे दिल्ली उच्च न्यायालयाला २०२० मध्ये सांगावे लागले, यातच व्यवस्थेची वृत्ती दिसते. डॉ. राममनोहर लोहियांनी 'अंग्रेजी हटाओ'ची हाक दिली ती इंग्रजीच्या राज्याविरुद्ध, मूठभरांच्या मक्तेदारीविरुद्ध. परभाषेचा त्यांना तिटकारा नव्हता. त्यांनी स्वतः बर्लिनमध्ये डॉक्टरेट मिळविली. आपल्या प्राध्यापकांना इंग्रजी येत नाही असे कळल्यावर ते अल्पावधीत जर्मन शिकून आले, असे सांगतात. प्रबंधाचा विषय होता भारतातील मिठावरील कर. जो विषय रक्तात होता त्याच्या बळावर त्यांनी परकी भाषा वाकविली. १९३० साली ज्या शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, तेथील कार्यकर्त्यांना याहून वेगळा दाखला देण्याची गरज नाही.

या किनाऱ्याचे प्रतिनिधित्व १९५७ ते १९७१ बॅ. नाथ पै यांनी व पुढे १९९१ पर्यंत प्रा. मधु दंडवते यांनी केले. दोघांचेही इंग्रजीवर प्रभुत्व होते, आणि मतदारसंघातील वाडीवस्तीवर बोलताना ती भाषा त्यांनी कधी आड येऊ दिली नाही. आरवलीचे जयवंत दळवी आणि वेंगुर्ल्याचे मंगेश पाडगावकर या दोघांनी मुंबईत अमेरिकन माहिती सेवेत नोकरी केली. इंग्रजी रोजच्या कामात असूनही दोघांची लेखणी मराठीतच रमली. इंग्रजी आल्याने गाव सुटत नाही. इंग्रजीच्या न्यूनगंडाने मात्र गाव सुटते, मराठीही सुटते.

आता काय करता येईल ते सांगून थांबतो. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर, वेंगुर्ल्याचे नगर वाचनालय, मालवणचे बॅ. नाथ पै सेवांगण यांसारख्या संस्था जिल्ह्यात आहेत. अशा संस्थांत आणि सेवा दलाच्या शाखांवर आठवड्यातून एक तास इंग्रजी वाचनासाठी काढावा. कोकम, रापण, दशावतार, सावंतवाडीची गंजिफा, किल्ला अशा विषयांवर सोप्या इंग्रजीत एकेक पान गावातील शिक्षकांनी व महाविद्यालयीन मुलांनी लिहावे. त्यावर आधी मराठीत गप्पा व्हाव्यात, मग वाचन. मुलांना चुका काढण्याची पूर्ण मुभा असावी. परीक्षा घेऊ नये. आणि वर्षभरानंतर विषय बदलावा. मालवणच्या आमटीवरून केरळच्या, तेथून फिजीच्या, तेथून काजूच्या मूळ देशापर्यंत जावे. आधी ओळखीचा विषय आणि नवी भाषा, मग ओळखीची झालेली भाषा आणि नवे विषय. दुसरी पायरी गाळली तर आपण मुलांना आपल्याच विहिरीत कोंडू, आणि पहिली गाळली तर ती थंड हवेच्या ठिकाणाचा निबंधच घोकीत राहतील.

किल्ला आता जगाच्या यादीत गेला आहे. त्याची गोष्ट जगाला कोणी तरी इंग्रजीत सांगणारच. ती बाहेरून आलेल्याने पाठ करून सांगावयाची, की किल्ल्याच्या होडीचे वल्हे मारणाऱ्याच्या मुलीने, गरज पडेल तेथे 'हे चूक आहे' असे म्हणत सांगावयाची, हे ठरविण्यास फार वर्षे आपल्या हाती नाहीत. येत्या जूनमध्ये शाळा सुरू होतील. प्रत्येक शाखेने निदान एक वाचनाचा तास तोपर्यंत उभा करावा.