प्रीपोनला नाकं मुरडणाऱ्यांनो

‘प्रीपोन’ म्हटलं की काही लोकांच्या कपाळावर लगेच आठ्या चढतात. ‘असा शब्दच नाहीये इंग्रजीत!’ असं बजावताना त्यांचा चेहरा असा उजळतो, जणू शेजाऱ्याच्या ताटात माशी सापडली. या मंडळींची मला कीव येत नाही. चीड येते.

आमच्या ऑफिसात एकदा संभाषणकौशल्य शिकवायला एक गृहस्थ आले होते. एका नव्या मुलाची मेल त्यांनी सगळ्यांदेखत पडद्यावर लावली. ‘प्लीज प्रीपोन द मीटिंग टू थ्री.’ काय करायचं ते कळतं, किती वाजता तेही कळतं. पण साहेबांनी शब्दाभोवती लाल गोल काढला आणि म्हणाले, ‘फॉरेनर हसेल.’ पोरगा मान खाली घालून बसला. वर सुधारणा काय, तर ‘मूव्ह फॉरवर्ड’ लिहा!

अहो, मराठी माणसाची परीक्षा ‘पुढे गेली’ की ती लांबते. तारीख आधीची हवी तर आपण ती अलीकडे ओढतो. हा घोळ फक्त आपलाच, असंही नाही. लेरा बोरोडिट्स्की आणि मायकेल रॅम्स्कर या संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग बघा. बुधवारची बैठक दोन दिवस ‘फॉरवर्ड’ सरकवली, तर आता ती कधी? अस्सल इंग्रजी बोलणाऱ्यांतही साधारण निम्मे म्हणाले सोमवारी, निम्मे म्हणाले शुक्रवारी. ‘प्रीपोन’ म्हटल्यावर कुणी शुक्रवारी येऊन दाखवावं. ब्रिटिश ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणतात, ते मान्य, खुशाल म्हणोत.

शब्द आपण अज्ञानातून पाडला, हीसुद्धा थापच. १९१३ साली न्यूयॉर्क टाइम्सला एका वाचकाने पत्र लिहून ‘पोस्टपोन’ला जोड म्हणून नेमका हाच शब्द सुचवला होता. तिकडे तो रुजला नाही, इथे रुजला, आणि ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसल्यालाही आता बरीच वर्षं झाली. तिथे त्याला जागा मिळते. आमच्या ट्रेनिंग रूममध्ये मात्र लाल गोल.

‘अन’ लावून ‘अनफ्रेंड’ झाला, तर न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने त्याला २००९चा ‘वर्ड ऑफ द इयर’ ठरवला. म्हणजे उपसर्ग त्यांनी लावला की कल्पकता, आपण लावला की गावंढळपणा! आणि आपले हे शुद्धिवाले स्वतः काय करतात? जुनी गाडी ‘प्री-ओन्ड’ म्हणून विकत घेतात. लग्नाआधी तळ्याकाठी धुराची नळकांडी फोडून ‘प्री-वेडिंग’ करतात. रिक्षा प्रीपेड, पोरगं प्री-प्रायमरीत. तिथे व्याकरण कुणाच्या घशात अडकत नाही. अडकतं ते फक्त आपल्याहून पगाराने लहान माणूस बोलला की.

मुळात ही बांधणी लॅटिनच्याच घरची. ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. मागे ‘पोस्ट’ ठेवलं की पोस्टपोन. ‘प्राए’ लावून ‘प्राएपोनेरे’ हे क्रियापद खुद्द लॅटिनमध्ये होतंच, आणि त्याच्यापासूनच आपल्या शाळेतलं ‘प्रीपोझिशन’ आलं. तेव्हा मास्तर, पुढच्या खेपेला लाल पेन काढाल, तेव्हा त्या धड्याच्या नावाभोवतीही एक गोल काढा.