सावली एक, शब्द दोन

परवा बाईंनी फळ्यावर इंग्रजीचे दोन शब्द लिहिले, शेड आणि शॅडो. मी वाक्य केलं, आम्ही झाडाच्या शॅडोत बसून डबा खाल्ला. बाईंनी लाल रेघ मारली. निम्म्या वर्गाचे तसेच झाले.

माझे मत असे आहे की यात आमची एकट्यांची चूक नाही. आपण मराठीत दोन्हीला सावलीच म्हणतो. नुसते पाठ करून हे कळत नाही, उन्हात जाऊन बघावे लागते. कडुलिंबाखाली गार वाटते, ती शेड. ती मोजता येत नाही. आपण पळालो की आपला काळा आकार बरोबर पळतो, ती शॅडो. वीस मुले रांगेत उभी राहिली की वीस शॅडो! (आमचे दादा म्हणाले, शेड म्हणजे गोठ्यावरचे पत्र्याचे. तो शब्द निराळा आहे.)

मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो. तेव्हा भर दुपारी उभ्या काठीची शॅडो नाहीशी होते. पण कडुलिंबाखाली शेड असतेच, शेळ्यासुद्धा तिथेच बसतात.

म्हणून बाईंनी असे शब्द अंगणात शिकवावेत. मला दहापैकी सहाच मिळाले.

इयत्ता चौथी