मालकाचा क्लब आणि लोकांचे मैदान

जळगाव-धुळ्यासारख्या शहरांनी एखादा उद्योगपती गाठून व्यावसायिक फुटबॉल क्लब काढावा, म्हणजे खेळ वाढेल आणि पैसाही येईल, असा सल्ला देणाऱ्यांनी मुंबई-पुण्याचा जमाखर्च एकदा तपासावा. १९६२ साली स्थापन झालेला महिंद्रचा संघ २००६ मध्ये राष्ट्रीय विजेता ठरला. २०१० मध्ये कंपनीने तो मोडला. पुणे एफ. सी. २०१३ चा उपविजेता; दोन वर्षांत मालकाने हात काढून घेतला. एफ. सी. पुणे सिटीची जागा २०१९ मध्ये हैदराबादने घेतली आणि २०२५ मध्ये तो संघही दिल्लीला हलला. प्रेक्षक मात्र जिथल्या तिथेच! ऑस्ट्रेलियात टाउन्सविलचा क्लब दोनच हंगाम टिकून २०११ मध्ये बुडाला.

कारण उघड आहे. तिकिटांतून पगार निघत नाहीत. तूट मालक जाहिरातीच्या खात्यावर टाकतो आणि मंदी आली की प्रथम तेच खाते छाटतो. उलट कोल्हापुरात पाटाकडील, शिवाजी अशा पेठांच्या तालमींचे संघ मोठ्या भांडवलाविना पिढ्यानपिढ्या शाहू स्टेडियमवर खेळत आहेत. (त्यांची ईर्ष्या कधी हातघाईवर येते, तो भाग वेगळा.) तेथे संघ विकायचा म्हटले तर पेठ विकावी लागेल. भांडवलशाही जर्मनीतही मोजके अपवाद वगळता क्लबातील निम्म्याहून अधिक मते सभासदांकडेच असावीत, असा १९९८ पासून दंडक आहे.

खानदेशात क्लब काढायचाच तर तो सभासदांच्या वर्गणीवर काढावा आणि पगार जमेपुरतेच ठेवावेत. दोन्ही महापालिकांनी त्याला मैदान द्यावे. मालकाला जमीन देऊ नये.