सुरी कुणाच्या हाती होती?

प्राचीन रोममध्ये बायकांना पशुबळी देण्याचा अधिकार नव्हता. चुलीची देवी व्हेस्टा हिच्या सहा कुमारिका पुजारिणींनी तिचा अग्नी राखायचा, बाकी धर्मकार्य पुरुषांचे, असे आजही ठासून सांगितले जाते. हे मत हवेतले नाही. फ्रेंच अभ्यासक ओलिव्हिए द काझानोव्ह यांनी १९८७ मध्ये ते साधार मांडले. काही विधींपूर्वी परका, बेडीतला कैदी, स्त्री आणि कुमारिका यांना बाहेर घालवणारी घोषणा होई, हा एक आधार. पूर्वी रोमन बायका दळत नसत, मांस शिजवत नसत, हे ग्रीक लेखक प्लुटार्कचे विधान दुसरा.

पण काही विधी म्हणजे सगळे विधी नव्हेत. बोना देआ या देवीच्या डिसेंबरातल्या पूजेला घरच्या पुरुषांनाही बाहेर पडावे लागे. इ.स.पू. ६२ मध्ये क्लोडियस हा राजकारणी या पूजेच्या वेळी बाईच्या वेषात सीझरच्या घरी शिरला, तेव्हा केवढा गहजब झाला! म्हणून पुरुषांना पूजेचा अधिकारच नव्हता, असे कुणी म्हणत नाही.

दळण्याचे म्हणाल, तर प्लुटार्क रोमनांनी केलेल्या सबाईन बायकांच्या अपहरणानंतरच्या तहाचा हवाला देतो. तो काळ दंतकथेचा. प्रत्यक्षात व्हेस्टाच्या पुजारिणी स्वतः कणसे भाजत, कुटत, दळत आणि त्या पिठात मीठ कालवत. हे पीठ शिंपडल्याखेरीज सार्वजनिक यज्ञातला पशू देवाला अर्पण होत नसे. म्हणजे पुरुषांचा यज्ञही पुजारिणींच्या जात्यावाचून अडे.

आणि बळीचे काय? रोमन लेखक मॅक्रोबियस स्पष्ट नोंदवतो: दर बाजाराच्या दिवशी ज्युपिटरच्या पुरोहिताची पत्नी, फ्लामिनिका, रेजिया या धर्मवास्तूत मेंढा अर्पण करी. महिन्याच्या पहिल्या दिवशी ‘रेजिना साक्रोरुम’, म्हणजे यज्ञराज या पुरोहिताची पत्नी, जुनो देवीला डुकरीण किंवा कोकरी वाही. फ्लामिनिका वारली, तर पुरोहितालाही पद सोडावे लागे. इतके पुरावे ‘अपवाद’ म्हणून बाजूला सारायचे, तर नियमात उरते काय?

या बायका स्वतंत्र होत्या असे मात्र नाही. अग्नी विझला तर व्हेस्टाच्या पुजारिणीला मुख्य पुरोहिताकडून फटके बसत. ब्रह्मचर्याच्या व्रतभंगाला जिवंत पुरण्याची शिक्षा होती. ही क्रूरता झाकून गौरवगान करणारेही मला तितकेच नकोसे वाटतात.

इ.स.पू. १२३ मध्ये लिकिनिया या व्हेस्टाच्या पुजारिणीने अर्पण केलेली वेदी पुरोहितमंडळाने अमान्य केली, हा दाखलाही बायकांना धर्माधिकार नव्हता हे दाखवण्यासाठी पुढे केला जातो. कारण मात्र वाचले जात नाही: सार्वजनिक जागेसाठी लोकसभेची आज्ञा घेतलेली नव्हती. इ.स.पू. ५७ मध्ये वक्ता सिसेरोने हाच निवाडा एका पुरुषाने केलेल्या अर्पणाविरुद्ध वापरला. तो पुरुष म्हणजे हाच क्लोडियस.